नाल्याच्या अलीकडची विहीर

आमच्या वडिलांच्या मेजावर पंचांग आणि शिसपेन्सिल ही जोडी नेहमी असे. पंचांग महाराष्ट्रातून येई आणि त्यातील सूर्योदय मुंबईचा असे. पाडव्याला नवे पंचांग हाती आले की पहिल्या पानाच्या समासात वडील 'उणे १२' एवढेच लिहून ठेवीत. इंदूर मुंबईच्या पूर्वेस सुमारे तीन अंश. अंशाला चार मिनिटे, या हिशेबाने आमच्याकडे सूर्य बारा मिनिटे आधी उगवतो. अक्षांशामुळे ऋतुपरत्वे पडणारा फरक ते वेगळा धरीत. लहानपणी आम्हांस वाटे, पंचांग चुकले आहे आणि वडील ते दुरुस्त करीत आहेत. एकदा तसे बोलून दाखविले तेव्हा ते म्हणाले, "पंचांग बरोबरच आहे. ते कुठले आहे, एवढे विसरायचे नाही."

या वाक्याचा पुरता अर्थ कळावयास आम्हांस पंच्याहत्तरी गाठावी लागली. निमित्त झाले एका विहिरीचे.

आमच्या मंडळाने असे ठरविले होते की इंदुरातील जुन्या मराठी वस्तीच्या खुणा, म्हणजे देवळे, छत्र्या, वाडे, विहिरी आणि पार, एका नकाशावर मांडाव्यात, आणि तो नकाशा बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील आप्तांना घरबसल्या संगणकावर पाहता यावा. या कामाला घाईही होती. आमच्या जुन्या मोहल्ल्यातून रस्ता रुंद व्हावयाचा होता. ज्या वास्तूंबद्दल हरकत घ्यावयाची त्यांची यादी, स्थाननिश्चितीसह, ठरावीक मुदतीत द्यावयाची होती. आम्ही उभा जन्म भूगोल शिकविला, म्हणून काम आमच्याकडे आले. संगणकाची बाजू नातवाने उचलली. तो पुण्यास नोकरीला असतो. दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवस घरी होता.

साहित्य दोन प्रकारचे होते. ज्या वास्तू अजून उभ्या आहेत तेथे मंडळाची तरुण मुले फिरली आणि मोबाईलवरून प्रत्येकीचे अक्षांश-रेखांश टिपून आणले. ज्या वास्तू नाहीशा झाल्या किंवा कुलपाआड गेल्या, त्यांच्यासाठी आधार एकच, तो म्हणजे आमच्या आजोबांचा नकाशा. आजोबा होळकरशाहीत जमीन मोजणीच्या कामावर होते. एक इंचास एक मैल या प्रमाणाचा सर्व्हे खात्याचा जुना तक्ता त्यांनी कापडावर चिकटवून घेतला होता आणि त्यावर लाल शाईने आपल्या खुणा केल्या होत्या. त्यांपैकी एक खूण आमच्याच जुन्या वाड्यामागील विहिरीची. विहिरीशेजारी लहानशी छत्री आहे. आमच्या घराण्यातील जो पुरुष प्रथम माळव्यात आला त्याची ती समाधी, असे घरात सांगतात.

संगणकावरील नकाशा हा एकसंध कागद नसतो, हे आम्हांस प्रथमच कळले. तो चौकोनी तुकड्यांचा असतो. त्यांना टाइल म्हणतात, आणि न्हाणीघरातील फरश्यांसारखेच ते एकमेकांस बिलगून बसतात. सर्वांत वरच्या पायरीवर सारी पृथ्वी एका टाइलमध्ये मावते. पुढच्या पायरीवर तिचे चार तुकडे, त्यापुढे सोळा. दहाव्या पायरीवर आडव्या १०२४ आणि उभ्या १०२४ टाइली होतात. अठराव्या पायरीवर पडद्यावरचा एक ठिपका म्हणजे इंदुरातील जमिनीचा जेमतेम अर्धा मीटर. गोल पृथ्वी अशा चौकोनात बसवावयाची तर तिला सपाट करावे लागते. त्यासाठी मर्केटरने १५६९ साली खलाशांकरिता योजलेल्या प्रक्षेपणाचा एक सोपा अवतार वापरतात. ८५ अंशांच्या किंचित पुढे उत्तर-दक्षिण छाटले की जग बरोबर चौरस होते. येथपर्यंत आम्हांस सारे समजले आणि शिक्षकाचा अहंकार सुखावला.

पहिल्या संध्याकाळी नातवाने कळ दाबली आणि आमचे इंदूर आफ्रिकेच्या पश्चिमेस गिनीच्या आखातात प्रकट झाले. सत्तरच्या सत्तर खुणा एकाच ठिपक्यात. नातू हसला. म्हणाला, "आजोबा, ही सर्वांत सोपी चूक. आपले आकडे अंशांतले आहेत आणि नकाशाला वाटले, ते मीटर आहेत." आमचा रेखांश ७५.८५, अक्षांश २२.७२. मीटर म्हणून वाचले तर शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश जेथे मिळतात त्या बिंदूपासून ऐंशी मीटरांच्या आतच ते पडणार. जुने इंदूर, त्यातल्या पेठा, राजवाडा आणि नदी यांसह, समुद्रात चार बोटे रुंदीच्या जागेत सामावले होते.

आकडे अंशांतले आहेत हे सांगताच खुणा तेथून हलल्या, पण निम्म्या खुणा नॉर्वेच्या उत्तरेस बॅरेंट्स समुद्रात गेल्या. काही मुलांनी अक्षांश आधी लिहिला होता, काहींनी रेखांश, ७५.८५ हा अक्षांश समजला की ध्रुवाकडची वाट धरावी लागते. ते निस्तरले. मग आजोबांचा तक्ता छायाचित्र घेऊन, टाइली पाडून चढविला, तर तो हिंदी महासागरात, मकरवृत्ताच्या आसपास, उलट्या क्रमाने बसला. टाइलींच्या ओळी मोजण्याच्या दोन रीती आहेत. एकीत वरून मोजतात, दुसरीत खालून. दहाव्या पायरीवर इंदूरची टाइल वरून ४४५ वी. खालून मोजली तर तिचा क्रमांक ५७८. ओळीचा क्रमांक १०२३ मधून वजा केला की जागा सापडते. तीही सापडली.

आता तक्ता माळव्यात आला खरा, पण राजवाडा राजवाड्यावर बसेना. सारे शहर दक्षिणेस सरकून सिमरोळच्या बाजूच्या शेतांत जाऊन पडले होते. मोजले तर जमिनीवर पंधरा किलोमीटर. जुन्या भाषेत पाच कोस. पूर्व-पश्चिम मात्र काही फरक नाही. येथे नातवालाही थोडा वेळ लागला. उत्तर मिळाले ते आपल्या घरांतल्या रीतीसारखे निघाले. आजोबांचे नाव नातवाला ठेवावे आणि त्या नावाचे पत्र भलत्याच्या हाती जावे, तसे झाले होते. मर्केटर नावाची प्रक्षेपणे दोन आहेत. एक पृथ्वी जशी आहे तशी, म्हणजे ध्रुवांपाशी किंचित दबलेली, धरते; विषुववृत्ताची त्रिज्या सुमारे ६३७८ किलोमीटर, ध्रुवाकडची ६३५७. दुसरे तिला सोईसाठी निखळ गोल मानते आणि संगणकावरील नकाशे याच दुसऱ्यावर चालतात. त्याचा आजचा क्रमांक ३८५७, पहिल्याचा ३३९५. तक्त्याच्या टाइली पहिल्यात कापल्या गेल्या होत्या आणि दुसऱ्याच्या चौकटीत मांडल्या होत्या. विषुववृत्तावर या दोहोंत फरक शून्य. इंदूरच्या अक्षांशावर तो पंधरा किलोमीटर होतो.

यावर एक मोह असा होतो की आधीच कापलेल्या टाइली उचलून पंधरा किलोमीटर वर सरकवाव्यात. नातवाने ते केले नाही. टाइल हे नुसते चित्र असते. आपण कोणत्या चौकटीत कापले गेलो, हे तिच्या अंगावर लिहिलेले नसते. म्हणून मूळ तक्ता पुन्हा घ्यावयाचा, आधी त्याचे प्रक्षेपण बदलावयाचे आणि मगच त्याचे तुकडे करावयाचे. त्याने तसे केले. राजवाडा राजवाड्याजवळ आला.

या तीन-चार दिवसांत एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आणि ती येथे नोंदविण्याजोगी आहे. चूक किती मोठी आहे, यावरूनच ती कोणती आहे ते कळते. खंडच बदलले तर एकक चुकले किंवा आकड्यांचा क्रम उलटा झाला. गोलार्ध बदलला तर ओळी उलट मोजल्या. फक्त उत्तर-दक्षिण दहा-वीस किलोमीटर सरकले तर दोन मर्केटरांची गल्लत. वैद्य नाडीवरून दोष सांगतो, तसे हे आहे. आणि मोठ्या चुकीचा एक उपकारही असतो. ती लपत नाही. आफ्रिकेच्या समुद्रातले इंदूर पाहून कोणी फसत नाही.

'जवळ आला' असे वर आम्ही लिहिले, ते मुद्दाम. आजोबांची लाल खूण आणि मुलांनी मोबाईलवर टिपलेली खूण यांत अजून थोडे अंतर होते. आम्ही म्हणालो, तक्ता जुना, कापडावरचा, मैलाला इंच. दीड-दोन मिलिमीटर इकडेतिकडे व्हावयाचेच. नातवाने मान डोलावली. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी घरची सारी मंडळी मधल्या खोलीत जमली आणि आम्ही मोठ्या थाटात त्यांना नकाशा दाखविला.

आमच्या आत्या तेव्हा ब्याण्णव वर्षांच्या. एका डोळ्याने जवळजवळ दिसत नाही. त्यांना पडद्यापाशी खुर्ची दिली. राजवाडा, छत्र्या, आमचा मोहल्ला, नाला असे नातू बोट ठेवून सांगत गेला आणि शेवटी म्हणाला, "आणि पणजीआजी, ही तुमची विहीर."

आत्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "अरे, ही विहीर पलीकडे कशी गेली?"

"पलीकडे म्हणजे?"

"नाल्याच्या पलीकडे. पाण्याला जाताना आम्ही नाला कधी ओलांडला नाही. पावसाळ्यात नाला भरला तरी पाणी आणीत होतो."

त्या वेळी आम्ही जे बोललो ते लिहिताना आजही मान खाली जाते. आम्ही म्हणालो, "आत्या, सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची गोष्ट. आता स्मृती दगा देते. आजोबांच्या हातची खूण आहे ही." सगळ्यांसमक्ष म्हणालो. मुले हसली नाहीत, पण कोणी काही बोललेही नाही. आत्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "असेल बाबा. तू शिकलेला."

हरकतीच्या यादीत त्या विहिरीचे नाव घालण्याची गरज उरली नव्हती. रस्त्याची आखणी नाल्याच्या पश्चिम काठाने होती. नकाशात विहीर आणि छत्री पूर्व काठास दिसत होती. म्हणजे ती सुरक्षित होती. आम्ही त्या ओळीवर काट मारली.

रात्री झोप आली नाही. 'नाला कधी ओलांडला नाही' हे वाक्य राहून राहून आठवे. माणूस अंतर विसरतो, वर्ष विसरतो, घागरीचे वजनही विसरत असेल. पण डोक्यावर घागर घेऊन रोज पाण्यातून पाय घालावा लागे की नाही, हे विसरेल कसा? आम्ही उठलो आणि एक साधी गोष्ट केली, जी चार दिवसांपूर्वीच करावयास हवी होती. आजोबांच्या तक्त्यावर आहेत आणि आजही उभी आहेत अशी पाच देवळे निवडली आणि प्रत्येकाच्या दोन खुणांमधील अंतर व दिशा कागदावर मांडली. हाताची चूक असती, कापड आक्रसले असते, तर एक खूण इकडे, एक तिकडे गेली असती. पाचही एकाच दिशेस, आग्नेयेस, सरकलेल्या होत्या. अंतरही जवळजवळ एकच. पडद्याच्या मोजपट्टीवर १३० ते १३५ मीटर. मर्केटरची चौकट आमच्या अक्षांशावर लांबी आठ टक्के फुगविते, ते वजा जाता जमिनीवर सव्वाशे मीटरांच्या आसपास. विखुरलेली चूक माणसाची असते. एका दिशेस चालणारी चूक चौकटीची असते. पहाटे नातवाला उठविले.

कारण असे निघाले. आजोबांचा तक्ता ज्या पृथ्वीवर काढला होता ती पृथ्वीच वेगळी होती. हिंदुस्थानची मोठी त्रिकोणमिती मोजणी १८०२ साली लॅम्टनने मद्रासेस सुरू केली. ती करता करताच तो १८२३ साली वऱ्हाडालगतच्या हिंगणघाटास वारला. पुढे एव्हरेस्टने पृथ्वीचा जो आकार धरला तो १८३० चा एव्हरेस्ट गोल म्हणून ओळखला जातो, आणि तो जेथे खिळला तो मूळ बिंदू कल्याणपूर, म्हणजे आमच्याच माळव्याच्या उंबरठ्यावर, विदिशा जिल्ह्यातील सिरोंजजवळ. हा गोल या देशाच्या जमिनीशी उत्तम जुळावा म्हणून बेतलेला होता. साऱ्या जगाशी जुळण्याची त्याला गरज नव्हती. मोबाईल जो गोल मानतो तो डब्ल्यूजीएस ८४. तो उपग्रहांच्या सोईचा आणि पृथ्वीच्या मध्याशी बांधलेला. त्याची विषुववृत्तीय त्रिज्या एव्हरेस्टच्या गोलापेक्षा आठशे मीटरांहून थोडी अधिक. आणि भारतासाठी वापरल्या जाणाऱ्या एका आकडेसंचाप्रमाणे दोन्ही गोलांचे मध्य तीन अक्षांवर २९५, ७३६ आणि २५७ मीटर दूर. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाप्रमाणे सर्व्हे खात्याची खुली मालिका डब्ल्यूजीएस ८४ वर आली. आजोबांचा तक्ता त्याच्या कितीतरी आधीचा. तोच अक्षांश आणि तोच रेखांश, पण दोन गोलांवर दोन जागा.

संगणकाने हे सांगावयास हवे होते, असे कोणी म्हणेल. तो सांगत नाही. तक्त्याचा गोल कोणता हे आपण लिहिले नाही, तर तो विचारत बसत नाही. फरक शून्य आहे असे धरून गप्प राहतो आणि नकाशा सुबक काढून देतो. पंधरा किलोमीटरची चूक आम्ही हसत सुधारली. सव्वाशे मीटरची चूक मात्र आम्ही आत्यांच्या स्मृतीवर ढकलली, कारण ती बरोबर दिसण्याइतकी लहान होती.

नातवाने विचारले, "आजोबा, सगळा तक्ता सव्वाशे मीटर वायव्येस ओढला तर? इंदूरपुरते भागेल." भागले असते. पण हा नकाशा उद्या बडोद्याच्या आणि ग्वाल्हेरच्या मंडळींनी पुढे न्यावयाचा आहे. आम्ही त्याच आकडेसंचावरून हिशेब केला. पूर्व-पश्चिम फरक बडोद्यास सुमारे सत्तर मीटर, इंदुरास शंभरावर थोडा, ग्वाल्हेरीस एकशे चाळीसच्या घरात. आम्ही आमच्यापुरते हाताने ओढून बसविले असते तर ग्वाल्हेरचे वाडे पुन्हा जागचे हलले असते, आणि का हलले ते तेथे कोणास कळले नसते. म्हणून ओढाओढ करावयाची नाही. तक्ता कोणत्या गोलावरचा, हे सांगावयाचे. मग तेथून येथवर किती चालावयाचे, ते ज्याचे त्याला नेमके काढता येते. एक ओळ लिहावी लागली. लिहिली. टाइली पुन्हा कापल्या. पाचही देवळे आपापल्या जागी बसली आणि विहीर नाल्याच्या अलीकडे आली.

त्याच दिवशी दुपारी आम्ही मोहल्ल्यात गेलो. आताच्या मालकांनी कुलूप काढून दिले. मागच्या आवारात शेवाळलेल्या फरशीखाली विहीर होती. छत्रीचा एक खांब कलला होता. मोबाईलवरची जागा आणि नकाशावरची जागा यांत पंचवीस मीटरांहून कमी अंतर राहिले. मैलाला इंच या तक्त्याकडून याहून अधिक मागणे अन्यायाचे. नाला पूर्वेस होता. पाणी आटलेले, पण होता तेथेच होता. आणि रस्त्याची आखणी छत्रीवरून जात होती.

काट मारलेली ओळ आम्ही पुन्हा लिहिली. मुदतीचे दोन दिवस उरले होते. यादी दाखल झाली, तिच्यावर शिक्का पडला. निर्णय अद्याप आलेला नाही. तो कसाही लागो, विहीर सुरक्षित आहे असे आमच्या सहीने लिहिलेले तेथे राहिले नाही.

संध्याकाळी आत्यांच्या खोलीत गेलो. म्हणालो, "आत्या, तुझेच बरोबर होते. चूक आमची." त्यांनी विचारले, "तुझ्या आजोबांची नव्हती ना?" नाही म्हणालो. आजोबांची खूण त्यांच्या गोलावर अगदी बरोबर होती. मुलांची खूण त्यांच्या गोलावर बरोबर होती. आत्यांचे तर गोलाशी काही देणेघेणेच नव्हते. त्यांचा पाय आणि नाला, एवढेच. तीनही बरोबर असून आम्ही चुकलो, कारण कोणाचे बोलणे कुठून आहे, हे विचारण्याचे आम्ही विसरलो. आत्या म्हणाल्या, "मग झाले तर," आणि नातवाला म्हणाल्या, "अरे, ते पुन्हा दाखव. आता नीट दिसेल."

नकाशाच्या खाली आता एक बारीक ओळ आहे. मूळ तक्ता एव्हरेस्ट गोलावरचा, असे तीत लिहिले आहे. पाहणारांपैकी फारच थोडे ती वाचतील. वडिलांच्या पंचांगातील 'उणे १२' तरी घरात त्यांच्यावाचून कोण वाचीत होते?